राजस्थानात साइटवर मीटरभर खाली कडक थर लागतोय, हा खडक म्हणायचा का?

घोडबंदर_रोजचा

मंडळी, माती-दगडातलं कळणारं कोणी आहे का इथे? मी ठाण्यात वागळे इस्टेटला सोलरच्या डिझाइन ऑफिसात आहे, साइट राजस्थानात फलोदीच्या पुढे. मी स्वतः अजून तिकडे गेलेलो नाही, जे काय कळतंय ते साइटवरच्या पोराने व्हॉट्सअपवर टाकलेल्या फोटोंवरून.

तर झालंय असं की पॅनेलच्या स्ट्रक्चरसाठी जे लोखंडी पाइल ठोकतात ते सत्तर-ऐंशी सेंटीमीटर आरामात जातात, सगळी वाळूच आहे, आणि मग एकदम ठप्प. मशीन नुसती धडधडते, पाइलचं डोकं चेपतं पण खाली इंचभर सरकत नाही. आणि गंमत म्हणजे चार ओळी सोडून पलीकडे तसलाच पाइल पूर्ण आत जातो. खड्डा खणलेला फोटो बघितला तर भिंतीत पांढरट, खरबरीत पट्टा दिसतोय, कुठे वीतभर जाड तर कुठे हातभर.

ठेकेदार म्हणतो हा खडक, रॉकचा रेट काढा. आमचे साहेब म्हणतात वाळूत खडक कुठून आला, मातीचाच रेट मिळेल. मधे मी. सॉइल रिपोर्टवाल्यांनी "हार्ड स्ट्रेटा" (कडक थर) एवढं लिहून हात झटकलेत. हे नक्की असतं काय? याच्या खाली काय असणार? वरून ग्रीन बेल्टची झाडंपण त्याच जमिनीत लावायचीयेत.

ऐरोलीचा_सिव्हिल

रिपोर्टमधले बोअर (माती तपासायला पाडलेली भोकं) किती खोलपर्यंत गेलेत ते आधी बघ. बऱ्याचदा कडक लागलं, एसपीटीला (ठोके मारून जमीन किती घट्ट ते बघायची चाचणी) रिफ्युजल आलं, म्हणजे ठोकूनही पुढे जाईना, की बोअर तिथेच थांबवतात आणि पुढचं सगळं खडक समजून रेघ मारतात. आपल्याकडे ते चालून जातं कारण ऐरोली-घणसोलीला वर खाडीचा चिखल, मग मुरूम, मग काळा पाषाण, एकदा कडक सुरू झालं की खाली अजून कडकच लागतं. तिकडे तसं नसतं. कच्छमधे एका कामाला होतो तेव्हा बघितलंय, वर मऊ, मधे कडक पट्टा, आणि तो फोडला की खाली परत मऊ. त्यामुळे थर फोडून निदान दोन-तीन मीटर खाली जाऊन बघायला सांग, त्याशिवाय रेटवर भांडू नका.

रत्नागिरीचा_मुक्काम_नेरूळ

मला तर फोटोचं वर्णन वाचून जांभाच वाटतोय. आमच्याकडे पण वर माती, खाली दगड, खणताना मऊ आणि हवा लागली की टणक. जांभा असेल तर चिरे काढून विका, पाइलचा खर्च निघेल 😄

खारघरची_मातीवाली

जांभा नाही हो दादा, जांभ्याच्या बरोब्बर उलटी गोष्ट आहे ही. जांभा होतो भरपूर पावसाने, पाणी वर्षानुवर्षं सगळं विरघळणारं धुऊन नेतं आणि लोखंड-अ‍ॅल्युमिनियम मागे उरतं, म्हणून तो तांबडा. वाळवंटातला थर होतो पाऊस कमी म्हणून, आणि तो पांढरा. मी मृदाशास्त्रवाली आहे, काही काळ जोधपूरला काम केलंय, त्यामुळे जरा लांबण लावते.

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो मातीतून आरपार जातो आणि चुन्यासारख्या गोष्टी नाल्यातून थेट खाडीत. जैसलमेरकडे पडतो दीड-दोनशे मिलिमीटर. तो मातीत थोडासा मुरतो, फूट-दोन फूट, फार तर मीटरभर, आणि तिथेच संपतो, कारण मुळं पितात आणि ऊन खेचून घेतं. आता हे पाणी जाताना वरचा चुना विरघळवून घेऊन गेलेलं असतं. मुळं श्वास घेतात त्यातून मातीत कार्बन डायऑक्साइड साचतो, तो पाण्यात मिसळून पाणी किंचित आंबट होतं, त्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं. खाली पाणी आटलं की चुना जागेवर बसतो, गीझरच्या कॉइलवर बोअरच्या पाण्याचा थर बसतो तसा. आणि हा चुना येतो कुठून, तर बराचसा वाऱ्याने आणलेल्या धुळीतून, म्हणजे खाली चुनखडकच पाहिजे असं काही नाही.

सुरुवातीला नुसते पांढरे धागे दिसतात, खडे असतील तर खड्यांच्या खालच्या बाजूला पांढरा लेप (हे खणून बघायला फार मजा येते, खडा उलटा केला की पोट पांढरं). मग गाठी होतात, त्यांना तिकडे कंकर म्हणतात. मग गाठी एकमेकींना चिकटतात आणि मातीची सगळी भोकं बुजतात. एकदा बुजली की पाणी त्या थरावरच तुंबतं आणि वर पातळ पापुद्र्यांचे थर चढायला लागतात, म्हणजे हा थर नंतर वरच्या दिशेने वाढतो. न्यू मेक्सिकोत लास क्रूसेसजवळ याचा बारीक अभ्यास झाला आणि 1966 मधे गाइल आणि सहकाऱ्यांनी त्याच्या चार पायऱ्या मांडल्या, नंतर इतरांनी आणखी दोन जोडल्या. पक्का थर व्हायला हजारो, कधी लाखो वर्षं जातात.

आता खडक की माती. भूगर्भवाल्यांच्या हिशोबाने हा मूळ खडक नाही, जमिनीतच तयार झालेला मातीचाच थर आहे. पण पहार लागत नाही इतका घट्ट असतो हेही खरं, त्यामुळे तुमचे साहेब आणि ठेकेदार दोघंही अर्धे बरोबर आहेत. अमेरिकन वर्गीकरणात अशा कोरड्या मातींना अ‍ॅरिडिसॉल म्हणतात आणि असा सिमेंट झालेला थर वरच्या 100 सेंटीमीटरच्या आत असेल तर त्यांचे वेगळे गटच आहेत. चुन्याचा थर तो पेट्रोकॅल्सिक, जिप्समचा पेट्रोजिप्सिक आणि सिलिकाचा ड्युरिपॅन.

तुमच्या कामाला हे तीन ओळखणं महत्त्वाचं, आणि ते साइटवर होतं. वाळलेला तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. विरघळून चिखल झाला तर तो नुसती आवळलेली माती आहे, सिमेंट झालेला थर नाही. टिकला तर त्यावर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं चार थेंब टाका (संडास धुवायचं चालेल, पण हातमोजे घालून आणि पोराला सांगा की अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमधे नाही). जोरात फसफसलं तर चुना. फसफस नाही आणि नखाने ओरखडा उठतोय तर जिप्सम. फसफस फारशी नाही, नख काय चाकूही लागत नाही, अ‍ॅसिडमधे ठेवूनही तुकडा तसाच, तर सिलिका. हा तिसरा प्रकार नेवाडा, ओरेगनकडे जास्त, कारण तिथे ज्वालामुखीच्या राखेतून सिलिका सुटते. तुमच्याकडे तो निघाला तर मलाच नवल वाटेल.

चार ओळी सोडून पाइल आत जातो त्याचंही कारण यातच आहे. पाणी कुठे किती मुरलं, वाळू किती जाड, जुना ओहोळ कुठून गेला यावर थर बनतो, त्यामुळे तो सलग फरशी नसतो. फटी असतात, कुठे पातळ होतो, कुठे नाहीच. म्हणून एका बोअरवरून आख्ख्या प्लॉटचा अंदाज बांधू नका.

ऐरोलीचा_सिव्हिल

+1. आणि रोजचा भाऊ, जिथे थर लागतो तिथे आधी ऑगरने (जमिनीत भोक पाडायचं मोठं गिरमिट) भोक पाडून मग पाइल घालतात, त्याचा रेट वेगळा धरा, खडक-माती वादच मिटतो. फक्त पुल-आउट टेस्ट (पाइल वर ओढून बघायची चाचणी) दोन्हीकडे करा, थरात बसलेल्या पाइलवर आणि नुसत्या वाळूतल्या पाइलवर. वारा तिकडे जबरदस्त असतो, पॅनेल उचलायला बघतो.

कळवा_सोलापूर_अपडाउन

ताई, आमच्या गावाकडे सांगोल्याला चुनखडीची जमीन आहे, दोन फुटांवर पांढरे खडे लागतात, तो हाच प्रकार का? डाळिंबाची पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, कृषीवाले म्हणतात लोह कमी.

खारघरची_मातीवाली

तोच कारखाना, फक्त सुरुवातीच्या पायरीवर. तुमच्याकडे पाऊस थोडा जास्त म्हणून बहुतेक ठिकाणी गाठींवर थांबलंय, फरशी झालेली नाही. आणि लोह जमिनीत असतं हो, चुन्यामुळे माती अल्कली झाली की झाडाला ते उचलता येत नाही.

घोडबंदर_रोजचा

ताई, प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलंय 🙏 आता झाडांचं सांगा. बागकामवाला ठेकेदार दोन फुटी खड्डे घेऊन त्यात शेणखत भरून मोकळा होतोय.

खारघरची_मातीवाली

मग ती झाडं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळणार. खड्ड्याचा तळ थरावर टेकला तर दोन गोष्टी होतात. मुळं खाली न जाता आडवी पसरतात, कारण त्या थरात त्यांना फक्त फटीतूनच वाट मिळते आणि फटी लांब लांब असतात. आणि टँकरचं पाणी तळाला तुंबतं, मुळं सडतात, आटलं की मीठ वर येतं. म्हणून झाडामागे निदान एक भोक थर पार करून पाडा, ऑगर साइटवर आहेच, आणि त्यात वाळू-खत भरा. थराखाली ओल टिकलेली असते, मूळ तिथे पोचलं की झाड जगलं. खेजडी (आपली शमी), बोर, रोहिडा लावा. गुलमोहर नको, फोटोपुरता राहतो.

सगळेच थर वाईट असं मात्र समजू नका. जैसलमेर-बिकानेर भागात जिथे खडियाचा, म्हणजे जिप्समचा पट्टा आहे तिथे वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी त्या पट्ट्यावर अडकतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. लोक अगदी अरुंद विहीर खणून, तिला कुईं म्हणतात, थेंब थेंब झिरपलेलं गोड पाणी काढायचे. आणि इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आल्यावर असल्याच अडवणाऱ्या थरांमुळे कित्येक ठिकाणी पाणी खाली जाईना, जमीन उपळली, त्याला ते लोक सेम म्हणतात. पिण्याला जे वरदान ते ओलिताला डोकेदुखी.

घोडबंदर_रोजचा

अपडेट: पोराने तुकडे पाण्यात ठेवले, सगळे टिकले. दक्षिणेकडच्या ब्लॉकचे अ‍ॅसिडने जोरात फसफसले. उत्तरेकडच्या दोन खड्ड्यांतले अजिबात नाही, आणि नखाने पांढरी पूड निघते म्हणतोय. तिकडे इन्व्हर्टर रूमचं फाउंडेशन येणारे.

खारघरची_मातीवाली

म्हणजे उत्तरेला जिप्सम. चुना लवकर बसतो म्हणून वर, जिप्सम जास्त विरघळतं म्हणून त्याच्या खाली, असा क्रम बऱ्याचदा असतो. तुमच्या उत्तरेला वरचा चुन्याचा थर वाऱ्या-पाण्याने गेला असेल किंवा कधी झालाच नसेल, पूर्ण खड्डा बघितल्याशिवाय सांगणार नाही. पण जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेटच, त्यामुळे लॅबला माती आणि पाणी दोन्हीचं सल्फेट तपासायला पाठवा, आजच.

ऐरोलीचा_सिव्हिल

हे लई महत्त्वाचं. सल्फेट काँक्रीटला खातं. आयएस 456 मधे (काँक्रीटचं भारतीय मानक) सल्फेटच्या प्रमाणानुसार सिमेंट कुठलं आणि किती ते टेबलच दिलंय, रिपोर्ट आला की त्यावरून मिक्स ठरवा. आणि जिप्सम पाण्यात विरघळतं, लिटरला दोन ग्रॅमच्या वर, म्हणजे आज कडक लागलेला तळ सतत पाणी मुरलं तर पोकळ होणार. इन्व्हर्टर रूमच्या छताचं पाणी पायाजवळ सोडू नका, लांब न्या.

खारघरची_मातीवाली

आणि त्या ब्लॉकला पॅनेल पाण्याने धुवायचा प्लॅन असेल तर तो बदला. कोरडे ब्रशवाले रोबो घ्या, त्या पट्ट्यात ते चालतात.

घोडबंदर_रोजचा

पाण्याचंच होतं टेंडरमधे. उद्या साहेबांना कसं सांगायचं ते आता ट्रॅफिकमधे बसून ठरवतो.