मदत हवी आहे: 'गॅलागा' खरोखरच जलद झाला आहे की माझा हात मंदावला आहे?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात महाल भागात राहतो. गेल्या महिन्यात घराची रंगरंगोटी काढली तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत आमचा जुना टीव्ही व्हिडिओ गेम सापडला. नव्वदीच्या दशकात घरोघरी असे तसलाच तो संच आहे. डब्यावर कुठल्याही कंपनीचे नाव नाही, आणि सोबतच्या कॅसेटवर खेळांची संख्या लाखांत छापलेली असली तरी प्रत्यक्षात तेच आठ-दहा खेळ नावे बदलून फिरून फिरून येतात. त्यांपैकी आमच्या घरचा लाडका खेळ म्हणजे 'गॅलागा'. शत्रूच्या किरणात मुद्दाम आपले जहाज पकडू द्यायचे, मग ते सोडवून दोन जहाजे जोडून लढायचे, या एका युक्तीपायी आम्ही मे महिन्याच्या सबंध दुपारी कूलरसमोर बसून घालवल्या आहेत.

संचाचा अडॅप्टर हरवलेला असल्यामुळे तो सुरू करून पाहता आला नाही. म्हणून मी लॅपटॉपवर इम्युलेटर (जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली) घेऊन फॅमिकॉमवरची, म्हणजे आमचा संच ज्याची नक्कल आहे त्या निन्टेंडोच्या जपानी यंत्रावरची, आवृत्ती चालवली, लॅपटॉप बैठकीतल्या एलईडी टीव्हीला जोडला आणि थोरल्या बंधूंना खेळायला बोलावले. पंचाईत इथूनच सुरू झाली. जिथे आम्ही सहज पंधराव्या टप्प्यापर्यंत जात असू, तिथे आता पाचव्यातच तिन्ही जहाजे संपतात. शत्रू अंगावर झेपावतात ते आठवणीपेक्षा फार वेगाने. वयाचा दोष म्हणून मी हे सोडून दिले असते. परंतु बंधू भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि त्यांनी सुरुवातीची धून ऐकताच मान हलवली. लहानपणी ही धून त्यांनी पेटीवर बसवली होती आणि ती कोणत्या पट्टीपासून सुरू होते हे त्यांच्या बोटांना अजून पाठ आहे. त्यांनी तीच पेटी काढून पडताळा घेतला. त्यांचे म्हणणे असे की पट्टी जागची हललेली नाही, फक्त लय चढी झाली आहे. ध्वनिफीत जोरात फिरवली तर लय वाढते तसा स्वरही चढतो; इथे एक वाढले आणि दुसरे जागच्या जागी राहिले, हे कसे?

त्यातच बंधूंचा आणखी एक जुना दावा आहे. बर्डीवरच्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये रुपयाचे नाणे टाकून ते हाच खेळ उभ्या पडद्याच्या यंत्रावर खेळत, आणि तो घरच्यापेक्षा 'पुष्कळ तिखट' होता असे ते तेव्हापासून सांगतात. मी ती नेहमी थोरल्या भावाची बढाई समजत आलो. आता मात्र शंका येते.

तेव्हा जाणकारांनी कृपया एवढे सांगावे, की घरच्या संचावर हा खेळ खरोखर संथ चालत होता का, असल्यास कशामुळे, आणि आज तोच वेग परत मिळवायचा तर काय करावे लागेल.

प्रतिसाद १

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' सुरू करा. एलईडी टीव्ही प्रत्येक चित्रावर प्रक्रिया करूनच ते दाखवतात, त्यामुळे बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंत विलंब होतो आणि खेळ अकारण अवघड वाटू लागतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत हा विलंब जवळजवळ नव्हताच. बाकी आठवणींचा भरवसा न धरलेलाच बरा.

धागाकर्ता

आपल्या सूचनेप्रमाणे गेम मोड सुरू केला आणि गोळी आता हाताबरोबर सुटते, याबद्दल मनापासून आभार. तरीही धुनीची लय चढीच आहे. विलंबामुळे धून उशिरा सुरू होईल, पण ती लवकर संपणार कशी? आठवणीबद्दलचे आपले मत माझ्यापुरते मान्य आहे; पेटीपुढे ते मांडण्याचे धाडस माझ्यात नाही.

प्रतिसाद २

धागाकर्त्यांचा तर्क बरोबर आहे. कारण आपल्या देशातल्या टीव्हीच्या पद्धतीत दडलेले आहे.

फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानमध्ये आला आणि तिथला टीव्ही सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवत असे. त्या काळचे खेळ लिहिणारे लोक वेळ मोजण्यासाठी वेगळे घड्याळ वापरत नसत. पडद्यावर एक चित्र काढून झाले की टीव्हीचा किरण पुन्हा वर जातो, त्या क्षणी यंत्र प्रोसेसरला इशारा देते आणि त्या प्रत्येक इशाऱ्यागणिक खेळ एक पाऊल पुढे सरकतो: शत्रू काही बिंदू हलतो, गोळी काही बिंदू वर जाते, संगीताची मात्रा एकाने पुढे जाते. थोडक्यात, टीव्ही हाच त्या खेळाचा तबला आहे. भारतात मात्र पाल पद्धत होती, म्हणजे सेकंदाला ५० चित्रे. जपानसाठी लिहिलेला खेळ काहीही न बदलता या ठेक्यावर चालवला की ६० पावलांचे काम करायला १ सेकंदाऐवजी १.२ सेकंद लागतात. नागपुरातला आपला 'गॅलागा' मूळ वेगाच्या पाच षष्ठांश वेगाने चालत होता, आणि मूळ वेग तुम्ही आता पहिल्यांदाच पाहत आहात. युरोपातल्या मुलांचेही अनेक खेळांच्या बाबतीत हेच झाले.

प्रतिसाद ३

वरील विवेचन चांगले आहे, पण शेवटचे वाक्य मला अपुरे वाटते, आणि पेटीचे कोडे नेमके तिथेच सुटते.

युरोपसाठी कंपनीने काढलेल्या अधिकृत यंत्रात केवळ चित्रांची संख्या कमी नव्हती, तर प्रोसेसरचा वेगही घटला होता. जपानी यंत्रात तो १.७९ मेगाहर्ट्झ होता, युरोपी यंत्रात १.६६. फॅमिकॉमचे स्वर प्रोसेसरच्या वेगाला भागून तयार होतात, त्यामुळे जपानी खेळ युरोपी यंत्रावर जसाच्या तसा चालवला तर त्याची लय मंदावते आणि शिवाय स्वरही एका अर्धस्वराहून थोडा अधिक उतरतो. बंधूंचा संच तसा असता तर त्यांना ही धून पेटीवर पट्टी बदलून बसवावी लागली असती, आणि आज पडताळा घेताना फरक लगेच कानाला लागला असता.

नक्कल संच बनवणाऱ्यांनी जरा वेगळी शक्कल लढवली. त्यांना पाल टीव्हीवर चित्र हवे होते, पण कॅसेटींतले खेळ जपानी यंत्रासाठी लिहिलेले होते. म्हणून त्यांनी प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे मूळच्या जवळजवळ तेवढ्याच वेगावर ठेवला. पाल चित्रात ओळी ३१२ भरतात, जपानी चित्रात २६२. मधल्या ५० जादा ओळी त्यांनी दृश्य चित्र संपल्यानंतर आणि प्रोसेसरला इशारा देण्याच्या आधी नुसत्याच रिकाम्या सोडल्या, जेणेकरून इशाऱ्यानंतर खेळाला मिळणारा अवधी पूर्वीइतकाच राहील आणि चित्र फाटणार नाही. परिणाम असा की लय एक षष्ठांशाने मंदावली, पण स्वर एका अर्धस्वराच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढाच उतरला. एवढा फरक घरच्या पेटीवर ताडून पाहताना कानाआड होतो. 'पट्टी तीच, लय चढी' हे बंधूंचे निदान एखाद्या मापनयंत्राला शोभेल असे आहे; त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता उपाय. इम्युलेटरमध्ये प्रदेश निवडण्याची सोय असते. तिथे जपानी आणि युरोपी पर्यायांखेरीज 'डेंडी' नावाचा तिसरा पर्याय शोधा. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या याच घाटाच्या नक्कल संचाचे ते नाव आहे. मेसेन या इम्युलेटरमध्ये तो नक्की आहे. मात्र लॅपटॉपचे चित्र ६० हर्ट्झवरच (सेकंदाला ६० चित्रे) ठेवले तर हालचालीत झटके दिसतील, म्हणून टीव्हीला जाणारे चित्र ५० हर्ट्झवर नेऊन ठेवा. आपल्याकडचे बहुतेक टीव्ही ते निमूटपणे स्वीकारतात.

जुना संचही फेकू नका. असे संच सहसा ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात, पण पिनेच्या मध्यभागी धन आहे की ऋण हे प्रत्येकाचे वेगळे असते. डब्यावरचे चिन्ह पाहिल्याशिवाय अडॅप्टर जोडू नये. चिन्ह पुसले असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून आत पाहून घ्यावे. मागे पिवळे छिद्र असेल तर तो एलईडी टीव्हीलाही जोडता येईल.

धागाकर्ता

आपण सांगितल्याप्रमाणे संच एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. चिन्ह पुसलेलेच होते. त्याने आतला सर्किट बोर्ड पाहून ध्रुव ठरवले, नवा अडॅप्टर लावला, कॅसेटचे धातूचे दात खोडरबराने पुसले (आम्ही लहानपणी फुंकर मारत असू, ज्याने म्हणे ओल धरून ते दात उलट खराबच होत) आणि संच सुरू झाला. टीव्हीने कोपऱ्यात 'पाल' अशी अक्षरे दाखवली तेव्हाच अर्धा निकाल लागला होता.

तरीही खात्रीसाठी सुरुवातीची धून जुन्या संचावर दहा वेळा आणि इम्युलेटरच्या जपानी पर्यायावर दहा वेळा मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजली. माझ्या अंगठ्याची चूक जमेस धरूनही दोन्ही सरासरींचे गुणोत्तर १.२ च्या अगदी जवळ आले. नंतर डेंडी पर्याय निवडून टीव्ही ५० हर्ट्झवर नेला आणि दोन्हींत मला फरक करता आला नाही. बंधूंनी डोळे मिटून ऐकले आणि 'ही आपली' एवढेच म्हणाले.

राहिला पार्लरचा प्रश्न. तिथला खेळ खरोखर वेगळा होता का?

प्रतिसाद ४

होय, आणि निव्वळ वेगापुरता नव्हे. नामको या जपानी कंपनीने 'गॅलागा' १९८१ मध्ये आणला तेव्हा त्या यंत्रात तीन झेड-८० प्रोसेसर एकत्र काम करत होते. पार्लरच्या यंत्राचा पडदा त्याच्या स्वतःच्या सर्किट बोर्डावर चालतो, घरच्या टीव्हीच्या पद्धतीशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे ते यंत्र टोकियोत असो की बर्डीवर, सेकंदाला ६० हून किंचित अधिक चित्रेच दाखवणार. घरी ५० आणि पार्लरमध्ये ६०, अशा स्थितीत बंधूंना तो तिखट वाटला यात बढाई कसली?

दुसरा फरक पडद्याचा. मूळ चित्र उभे आहे, २२४ रुंद आणि २८८ बिंदू उंच. फॅमिकॉमचे चित्र आडवे, २५६ बाय २४०. हा खेळ १९८५ मध्ये फॅमिकॉमवर उतरवणाऱ्यांनी गुणसंख्या आणि उरलेली जहाजे उजव्या बाजूच्या पट्टीत सरकवून रणांगण अरुंद केले, तरी उंची ती उंचीच. झेपावणारा शत्रू वरून खाली यायला घरी कमी अंतर कापतो, म्हणून सावरायला अवधीही कमी मिळतो. तुमच्या संथ संचाने ही उणीव नकळत थोडी भरून काढली असे मला वाटते.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत मनोरंजक वाटते. पूर्ण फौजेत ४ बॉस, १६ फुलपाखरे आणि २० मधमाश्या असे ४० शत्रू असतात आणि मधमाश्यांच्या एका रांगेत १० जणी उभ्या राहतात. फॅमिकॉम एका आडव्या रेषेवर ८ बिंदू रुंदीची आठच हलती चित्रे दाखवू शकतो. एका मधमाशीला अशी दोन लागतात, म्हणजे रांगेला २० हवीत. तेव्हा उभी फौज पार्श्वभूमीच्या चौकटींतून रंगवायची आणि जो शत्रू रांग सोडून झेपावेल त्यालाच हलत्या चित्राचा दर्जा द्यायचा, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो. अशी काटकसर करूनही पकडलेले जहाज, जोडजहाज आणि बोनस टप्पे घरी शाबूत राहिले, हे मला मोठे कसब वाटते. १९८० मध्ये अटारीच्या घरगुती यंत्रावर आलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'शी तुलना करा. मूळच्या ५५ शत्रूंपैकी तिथे ३६ उरले आणि चारांपैकी तीन ढाली, तरी त्या कॅसेटीसाठी लोकांनी यंत्रे विकत घेतली.

मूळ वेगाचा आणि मूळ रूपाचा 'गॅलागा' घरी हवा असेल तर १९९५ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशनवर आलेला 'नामको म्युझियम'चा पहिला खंड मिळतो का ते पाहा. तो पार्लरच्या पुष्कळ जवळ जातो.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. बंधूंची तीस वर्षांपूर्वीची बढाई मी लेखी मागे घेतली आणि त्यांनी तो मजकूर कुटुंबाच्या गटावर टाकलाही. जुना संच आता बैठकीत आहे आणि त्यावर आम्ही काल अकराव्या टप्प्यापर्यंत पोहोचलो. पुतणी मात्र लॅपटॉपवर ६० च्याच वेगाने खेळते. तिला आमचा खेळ झोपाळू वाटतो. ती सातव्या टप्प्यात आहे.

संचाच्या डाव्या जॉयस्टिकचे गोळीचे बटण दाबून धरावे लागते. आतले काळे रबर बदलून मिळते का, आणि नागपुरात कुठे, एवढे कुणी सांगितले तर धागा बंद करायला हरकत नाही.