मदत हवी आहे: स्टोरेज युनिटच्या लिलावात उतरायचंय, सुरुवात कशी करू?

इथे अमेरिकेत कोणी स्टोरेज ऑक्शनमधून युनिट घेऊन आतलं सामान विकतं का? म्हणजे लोक सामान ठेवायला भाड्याने खोली (युनिट) घेतात, भाडं थकलं की कंपनी त्यातलं अख्खं सामान लिलावात काढते ना, ते. स्टोरेजट्रेझर्स या लिलावाच्या साइटवर रोज बघतोय पण फोटो सगळे दारातूनच काढलेले, पुढे चार खोकी न एक गादी, मागे काय ते देव जाणे. अशावेळी तुम्ही आकडा ठरवता कसा? परत बोलीच्या वर बायर्स प्रीमियम (खरेदीदाराकडून घेतात ती जादा फी), क्लीनिंग डिपॉझिट (युनिट साफ केलं की परत मिळतं ते), दोन-तीन दिवसांत झाडून रिकामं करायचं म्हणजे ट्रक भाड्याने, कचरा टाकायचे पैसे वेगळे, हे सगळं आधीच वजा करून बोली लावायची का? टीव्हीवर दाखवतात तसला खजिना नकोय हो, टूल्स आणि बरं फर्निचर निघालं तरी पुष्कळ. कपडे-पुस्तकं ईबेवर टाकण्यात अर्थ आहे की सरळ दान करावीत? घरगुती फोटो, कागदपत्रं स्टोरेज कंपनीच्या ऑफिसला परत द्यायची हे माहितीये. मुख्य अडलंय ते रीसेल सर्टिफिकेटवर (माल पुन्हा विकायला घेतोय असं दाखवणारा कागद), खरेदीवरचा सेल्स टॅक्स वाचवायला ते आधीच काढू की एखादं ५ बाय १० फुटांचं छोटं युनिट घेऊन बघू आणि मग काढू? कोणी करत असाल तर राज्य कुठलं तेपण सांगा प्लीज, नियम सगळीकडे वेगळे आहेत.