दुसऱ्या लुडविगला वेडा म्हणण्याआधी

इसारकाठ:
काल इथे एका सदस्याने लिहिले की, दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचा राजा दुसऱ्या लुडविगने वेडाच्या भरात प्रजेच्या पैशावर किल्ले बांधले आणि त्यामुळेच विटल्सबाख घराण्याची सत्ता बुडाली. हे वाचून गप्प बसवेना. ११८० पासून चालत आलेली ही सत्ता गेली १९१८ साली, महायुद्धाने जेरीस आलेल्या म्युनिकमध्ये, तिसऱ्या लुडविगच्या हातून. दुसऱ्या लुडविगला जाऊन तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती. नॉयश्वानस्टाईन या त्याच्या किल्ल्याचा खर्चही राज्याच्या तिजोरीतून नव्हे, तर राजाच्या खासगी तनख्यातून आणि कर्जातून झाला.

खतावणी:
खासगी तनखा काय आकाशातून पडतो? तो करातूनच येतो. १८८६ पर्यंत कर्ज सुमारे १ कोटी ४० लाख मार्कांवर गेले होते, तरी बांधकाम थांबले नाही. शिवाय १८७० साली प्रशियाच्या राजाने जर्मनीचे सम्राटपद घ्यावे असे पत्र याच राजाने पाठवले आणि पुढे प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्ककडून गुपचूप पैसे घेतले. ते पैसे हॅनोव्हरच्या राजाच्या जप्त संपत्तीतले होते. कर्जबाजारी माणूस घर कसे बुडवतो, हे मी आमच्या घरात पाहिले आहे. वडिलांनी हौसेपायी बांधलेल्या बंगल्याचे हप्ते आईने दागिने मोडून फेडले, त्यामुळे मला या किल्ल्यांचे कौतुक वाटत नाही.

सातवा_मजला:
कर्जाचे एक वेळ सोडा. मनोविकारतज्ज्ञ डॉ. गुडेन आणि आणखी तीन डॉक्टरांनी राजाला न तपासता, नोकरचाकरांच्या जबान्यांवरून त्याला बरा न होणारा मनोरुग्ण ठरवले, हे तुम्हाला खटकत नाही? माझ्या धाकट्या भावाच्या कागदावर एका डॉक्टरांनी केवळ नातेवाइकांच्या सांगण्यावरून असाच शिक्का मारला. तो पुसायला आम्हाला सहा वर्षे लागली आणि तोवर त्याची नोकरी आणि ठरलेले लग्न, दोन्ही गेले.

खतावणी:
तुमच्या भावाबद्दल वाईट वाटते, पण तो राज्य चालवत नव्हता. मंत्र्यांना न भेटता डोंगरात राहणाऱ्या राजाला तपासणार तरी कसे?

सातवा_मजला:
१८८६ च्या १२ जूनला राजाला ताब्यात घेऊन श्टार्नबेर्ग तळ्याकाठच्या बेर्ग किल्ल्यात नेता आले, मग त्याआधी समोर बसून चार प्रश्न विचारता आले नसते? दुसऱ्याच दिवशी राजा आणि गुडेन दोघेही त्या तळ्यात मृत सापडले! आणि वेड हेच त्याला कारभारातून दूर करण्याचे कारण होते, तर त्याच्यानंतर आधीपासूनच आजारी असलेला त्याचा भाऊ ओटो राजा कसा झाला?

खतावणी:
कृपया नीट वाचून लिहा. लुडविगचेही राजेपद काढले नव्हते. १० जूनला काका लुइटपोल्ड राजप्रतिनिधी झाले, आणि ओटोच्या वेळीही कारभार त्यांनीच पाहिला.

इसारकाठ:
हे बरोबर आहे. बिस्मार्कच्या पैशांचेही मला नाकारता येत नाही, ते मी लिहायला हवे होते. तरीही नॉयश्वानस्टाईनच्या सिंहासन-दालनात एकदा उभे राहून पाहा. संगमरवरी पायऱ्या चढत जातात, वर सोनेरी भिंत आहे, आणि सिंहासनाची जागा रिकामी आहे, कारण ते बनण्याआधीच राजा गेला. मी तिथे तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा त्या पायऱ्यांपाशी घसा दाटून आला.

खतावणी:
तपासणी व्हायला हवी होती, एवढे मी मान्य करतो. कर्जाबद्दलचे माझे मत मात्र तेच आहे.