पद्मिनीच्या इंजिनाला कॅमशाफ्ट कोणता घालू?

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. इंजिन पूर्ण उघडलंय. कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दोन लोब, म्हणजे त्यावरचे उंचवटे, झिजलेत; लोबवर टेकणाऱ्या टॅपेटच्या तोंडाला खड्डे पडलेत. मेस्त्री म्हणतात, जुनाच ग्राइंड करून घ्या. एका दुकानात न वापरलेला स्टॉक (मूळ कंपनीच्या मापाचा) कॅम मिळतोय, एक जण 'जास्त लिफ्टचा', म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, देतो म्हणतो. मला फक्त आईला घेऊन पसरणीचा घाट चढायचाय.

› मग स्टॉकच घ्या. असे कॅम बहुधा जास्त ड्युरेशनचेही असतात, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवतात; त्याने खालच्या आरपीएमची ओढ जाते, आयडलिंगही बिघडतं; घाटात हीच ओढ लागते. आणि आठही टॅपेट नवेच घाला. जुने टॅपेट नवा लोब खातात, हे मी स्वतः भोगलंय.

› ग्राइंडिंगमध्ये वरचा कठीण थर गेला, तर कॅम लवकर झिजतो. कॅमची बेअरिंगंही मोजून घ्या, ढिली असली तर ऑइल प्रेशर पडतं.

धन्यवाद दादा. स्टॉक कॅम आणि आठ टॅपेट आजच आणतो. पहिल्यांदा सुरू करताना काय सांभाळू?

› लोबवर असेंब्ली पेस्ट (जोडणीच्या वेळी लावायचं घट्ट वंगण) चोपडा. तेल जास्त झिंकवालं भरा. सुरू झाल्यावर आयडलवर ठेवू नका. वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास कमी-जास्त करत चालवा. टायमिंगच्या खुणा (क्रँक आणि कॅम जुळवायच्या) आधी दोनदा बघा.