मदत हवी आहे: ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन असली तरी बर्फाचे टायर घ्यावेच लागतात का?

रामबागकर, इंदूर

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या लेकीच्या गाडीचा आहे. ती यंदा अमेरिकेत नोकरीला गेली, व्हर्मांट राज्यात बर्लिंग्टनला. ऑफिस गावाबाहेर, बसची वेळ जमत नाही, म्हणून जुनी गाडी घेतेय. २०१८ ची सुबारू आउटबॅक, अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन, सीव्हीटी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आपल्याकडे ही गाडी दिसत नाही, म्हणून सांगतो: लांबट वॅगन, मागे भरपूर सामान मावेल अशी, पण जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच आणि चारही चाकांना कायम ताकद.

विकणारा म्हणतो, ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, आहेत त्या ऑल-सीझन टायरवर हिवाळा आरामात निघेल. तिच्या ऑफिसातली एक बाई म्हणते, विंटर टायर घातल्याशिवाय डिसेंबरात गाडी बाहेर काढू नकोस. टायर, वेगळ्या रिमा आणि बसवणावळ धरून तिला हजार डॉलरच्या घरात आकडा सांगितलाय. नवीन नोकरी, घराचं डिपॉझिट नुकतंच भरलेलं. पैसे मी पाठवीन, तो प्रश्न नाही. पण ते खरंच लागतात की हा दुकानदारांचा धंदा आहे?

घरात गाडीतलं कळतं ते मला, म्हणून तिने मला विचारलं. भर पावसात, रात्री, ट्रकांच्या रांगेत भेरूघाट उतरलेला माणूस आहे मी. पण बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसाच्या गाडीवरचा. जे स्वतः बर्फात गाडी चालवतात त्यांनी सांगावं ही विनंती.

देवासवाला

काका, काळजी सोडा. फोर-बाय-फोर आहे म्हणजे काम झालं. आमच्या शेताचा रस्ता काळ्या मातीचा, आषाढात तिथे ट्रॅक्टर रुततो आणि माझी थार निघून येते. टायर घ्यायचेच तर मोठ्या खाचांचे मड टायर घ्या, कुठेही अडणार नाही.

मिनेसोटाची_वहिनी

काका, माझं माहेर स्नेहलतागंजातलं, आता मिनिआपोलिसजवळ असते. आमच्याकडेही आउटबॅकच आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

गाडी छान निवडली आहे. हिच्यात ताकद साधारण साठ टक्के पुढच्या आणि चाळीस टक्के मागच्या चाकांना जाते. पुढची घसरू लागली की गिअरबॉक्समधला एक क्लच आपोआप मागे जास्त ताकद पाठवतो. बटण नाही, लिव्हर नाही. थारचं तसं नसतं. तिचं फोर-बाय-फोर कोरड्या डांबरावर लावून ठेवलं तर ट्रान्समिशनवर ताण येतो, म्हणून चालवणाऱ्याने ते लावायचं आणि काढायचं. व्हर्मांटमध्ये एकाच रस्त्यावर थोडं कोरडं, पुढे ओलं, वळणावर बर्फ असं असतं. तिथे प्रत्येक वेळी कोण लावत-काढत बसणार? सिग्नलवरून निघताना, चढावर, रात्रभर बर्फ पडलेल्या पार्किंगमधून बाहेर पडताना ही गाडी खरोखर सुख देते.

आणि तिथेच माणूस फसतो. साध्या फ्रंट-व्हील गाडीची चाकं निघतानाच गरगरतात, म्हणजे चालवणाऱ्याला घरासमोरच कळतं की आज रस्ता वाईट आहे. आउटबॅक मुकाट्याने वेग घेते. रस्ता किती निसरडा आहे हे तुम्हाला पहिल्यांदा कळतं ते ब्रेक दाबल्यावर, आणि ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. थांबताना ऑल-व्हील-ड्राइव्ह काहीही जास्तीचं देत नाही. वळतानाही फारसं नाही. तिथे रस्त्याला धरून असतं ते फक्त टायरचं रबर.

आता रबराचं. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं उणे वीसलाही मऊ राहतं. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. देवासवाले दादा, इथे तुमचा काळ्या मातीचा हिशोब उलटा होतो. मड टायरचं काम चिखल बाहेर फेकणं, खाच मोकळी राहिली तरच पकड. विंटर टायरचं काम बर्फ धरून ठेवणं, कारण बर्फ रबरापेक्षा बर्फालाच जास्त चिकटतो. मुलं बर्फाचा गोळा वळतात तो याच गुणावर. मड टायरचे मोठे कडक ठोकळे ताज्या बर्फात चालतील एकवेळ, पण गोठलेल्या गुळगुळीत रस्त्यावर त्यांचा भरवसा धरू नका.

देवासवाला

हे माहीत नव्हतं वहिनी. मड टायरचं मागे घेतो. थार नाही मागे घेत.

कलाभवनवाला, बडोदा

टायर विकणाऱ्याचा धंदा आहे का, या प्रश्नाला कागद-पेन्सिलने उत्तर देता येतं. चाकं पूर्ण ताकदीने ब्रेक करतायत असं धरलं तर थांबायचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले घर्षणांक गुणिले गुरुत्व त्वरण. घर्षणांक म्हणजे टायरची रस्त्यावर पकड किती त्याचा आकडा, कोरड्या डांबरावर ०.७ च्या आसपास, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ च्या आसपास, निव्वळ गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहून कमी.

ताशी ५० किलोमीटरला काढा: डांबरावर १४ मीटर, दाबलेल्या बर्फावर ४९, गोठलेल्या पाण्यावर ९८. ब्रेक मारायचं डोक्यात येईपर्यंत गाडी जे अंतर कापते ते वेगळं. सूत्रात गाडीचं वजन येत नाही, किती चाकांना ताकद जाते तेही येत नाही. हातात दोनच गोष्टी आहेत, वेग आणि घर्षणांक. टायर बदलून ०.२ चं ०.२५ झालं तरी ४९ चे ३९ मीटर होतात. पुढच्या गाडीत घुसणं आणि न घुसणं यात दहा मीटर पुष्कळ झाले. आणि वेग ५० चा ३५ केला तर अंतर जवळपास निम्मं, त्याला डॉलर लागत नाहीत.

डेन्व्हरकर

मी जरा वेगळं बोलतो. विंटर टायर हे ब्रह्मवाक्य नाही. आमच्या कोलोरॅडोत आय-७० हमरस्त्यावर डॉटसेरो ते मॉरिसन या डोंगराळ पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे कायदा असा आहे की ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला टायरच्या खाचांची खोली किमान ३/१६ इंच असली की चालते. मीही काही हिवाळे चांगल्या ऑल-सीझनवर काढलेत. विकणारा अगदीच खोटं बोलत नाहीये.

पण ते टायर कसे आहेत हे बघायला सांगा. बाजूच्या भिंतीवर नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर ती फक्त खाचांच्या रचनेची खूण, बर्फातल्या चाचणीची नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र असेल तर तो टायर बर्फावर चाचणी देऊन आलेला. ऑल-वेदर नावाने मिळणाऱ्या टायरवर बहुधा हे चित्र असतं, ते बारा महिने चालतात, दुसरा सेट नाही, रिमा नाहीत, वर्षातून दोनदा बदलणं नाही. भाड्याच्या घरात चार टायर ठेवायचे कुठे, हाही प्रश्न असतोच.

मिनेसोटाची_वहिनी

डेन्व्हरकरांशी अर्धी सहमत. डेन्व्हरला बर्फ पडतो आणि दोन दिवसांत उन्हाने जातो. बर्लिंग्टनला हिवाळ्यात दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो आणि जानेवारीत रात्री उणे दहाच्या खाली पारा नेहमीचाच. तेवढ्या थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठही नीट काम करत नाही.

काका, तिचं घर नि ऑफिस नक्की कुठे? रस्ता सपाट की उताराचा? त्यावर बरंच ठरेल.

रामबागकर, इंदूर

सगळ्यांचे आभार. आत्ता फोन झाला. घर टेकडीच्या बाजूला आहे, तिथून रस्ता शॅम्प्लेन तळ्याकडे उतरतो आणि उताराच्या तळाशी सिग्नल. ऑफिस रिचमंडच्या बाजूला, आय-८९ वरून जायचं. टायरवर डोंगराचं चित्र नाही, 'एम प्लस एस' आहे, आणि निम्मे झिजलेत असं ती म्हणते.

दोन उपप्रश्न. फक्त पुढचे दोन विंटर टायर घेतले तर? आणि उतारावर तो एक्स-मोड, म्हणजे गाडीत निसरड्या रस्त्यासाठी दिलेली सोय, वापरायचा का? भेरूघाटात आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिनवर गाडी उतरवतो, ब्रेकवर नाही. ते तिथे चालतं?

मिनेसोटाची_वहिनी

उताराच्या तळाशी सिग्नल म्हटल्यावर माझं मत झालं. निम्म्या झिजलेल्या टायरवर नको. पूर्ण विंटर टायर.

दोन मुळीच नको. पुढे पकड आणि मागे नाही असं झालं की वळणावर ब्रेक मारताना गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. शिवाय ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये चारही टायर एकसारखे लागतात. सुबारूचं म्हणणं असं की चार टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. फरक असला की त्या क्लचला वाटतं चाक घसरतंय, तो कायम घासत राहतो आणि तापतो. एक टायर कापला गेला तरी याच कारणाने कधीकधी चारही बदलावे लागतात, हा या गाड्यांचा छुपा खर्च. आणि गाडी बंद पडून ओढून न्यायची वेळ आली तर चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवायचा, दोन चाकांवर फरफटत नाही.

एक्स-मोड ताशी ४० किलोमीटरच्या आतच काम करतो. त्यात उतार उतरताना गाडी स्वतः एकेका चाकाला ब्रेक लावत वेग धरून ठेवते. घरापासून सिग्नलपर्यंतच्या उतारासाठी अगदी योग्य. उताराच्या वरच, रस्ता सपाट असताना लावायचा, मध्येच घाबरून नाही. तुमची घाटातली पद्धत इथेही बरोबर. स्टिअरिंगमागच्या पॅडलने खालचा गिअर धरता येतो, फक्त हलक्या हाताने, एकेक करून. एकदम खाली टाकला तर चाकं तिथेच घसरतील.

एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं, तिला आधीच सांगा. निसरड्यावर पूर्ण ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरतं, खडखड आवाज येतो. नवखी माणसं घाबरून पाय काढतात. काढायचा नाही, दाबून ठेवायचा आणि जिकडे जायचं तिकडे बघत स्टिअरिंग फिरवायचं. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर वेग कमी करायचा. वळणात गाडी बाहेरच जाऊ लागली तर अॅक्सिलरेटर हळू सोडायचा, स्टिअरिंग जास्त पिळायचं नाही. क्रूझ कंट्रोल बर्फात बंद. पुलांवर जास्त जपून, खालून वारा लागतो म्हणून पूल रस्त्याआधी गोठतात. पहिला बर्फ पडला की रविवारी सकाळी एखादं रिकामं पार्किंग गाठून ताशी वीसने मुद्दाम ब्रेक दाबून, मुद्दाम घसरून बघायचं. कुणीतरी अनुभवी सोबत असावं. ऑफिसातल्या त्या बाईंनाच विचारा, मला त्या शहाण्या वाटतात.

कलाभवनवाला, बडोदा

जुनी गाडी, तीही मीठ टाकणाऱ्या राज्यातली, म्हणजे टायरआधी गाडीचं पोट बघा. पैसे देण्यापूर्वी लिफ्टवर चढवून ब्रेकच्या नळ्या, सस्पेन्शनचे सांधे, मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) तपासून घ्यावा. व्हर्मांटमध्ये दरवर्षी गाडीची तपासणी होते आणि गंजामुळे गाड्या नापास होतात. बॅटरी किती जुनी हेही विचारा, उणे अठराला तिची ताकद निम्म्यावर येते.

डेन्व्हरकर

उतारावरचा सिग्नल वाचून मीही वहिनींच्या बाजूने.

एक राहिलं, आणि ते टायरपेक्षा महत्त्वाचं. गाडी बर्फात अडकली आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं. ते बर्फाने बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. मागे एक फावडं, ब्लँकेट, टॉर्च आणि वाळूची पिशवी असू द्या, टाकी अर्ध्याखाली नको. काचेवर मारायच्या पाण्यात नळाचं पाणी नाही, न गोठणारा निळा द्राव. आणि निघण्याआधी छतावरचा बर्फ झाडायचा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो सगळा समोरच्या काचेवर येतो.

देवासवाला

आणि खायला काहीतरी. काका, लौंग सेव पाठवा, गोठत नाही.

रामबागकर, इंदूर

सेव आधीच गेली आहे भिया, दोन किलो.

लेकीला सगळा धागा वाचायला दिला. गाडी लिफ्टवर चढवून तपासायला विकणारा तयार झालाय. ठीक निघाली तर चारही विंटर टायर नोव्हेंबरच्या आधीच, गर्दी व्हायच्या आत बसवणार. शेवटचा प्रश्न: दुकानवाला विचारतो, रिमा १७ इंची की १८? आणि हवेच्या दाबाचे सेन्सर घालायचे की वाचवायचे? त्याचे वेगळे पैसे आहेत.

मिनेसोटाची_वहिनी

सध्याच्या टायरवरचा आकडा बघायला सांगा. साध्या मॉडेलला २२५/६५ आर १७ असतात, वरच्या मॉडेलला २२५/६० आर १८. तिच्या गाडीला १८ असले तरी हिवाळ्यासाठी १७ चालतात. टायर स्वस्त पडतो आणि रबराची भिंत उंच असल्याने बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचते.

सेन्सर नसले तरी गाडी चालते, फक्त डॅशबोर्डवर पिवळा दिवा हिवाळाभर पेटलेला राहतो. पैसे वाचवायचे तर ही जागा आहे, पण मग दर पंधरा दिवसांनी गेज लावून हवा बघायची शिस्त हवी. साधारण साडेपाच अंश थंडी वाढली की दाब एक पीएसआयने उतरतो. ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत पाच-सहा पीएसआयने कमी भरते. तिला ते जमणार नसेल तर सेन्सर घाला, आणि बसवतानाच दुकानदाराकडून गाडीत त्यांची नोंद करून घ्या, नाहीतर सेन्सर असूनही दिवा पेटलेलाच राहील.

रामबागकर, इंदूर

तिला जमणार नाही, मी ओळखतो. सेन्सर घालायला सांगतो.