मदत हवी आहे: ४० येतंय, उत्तर ४५ आहे
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, राजवाड्याजवळ राहतो. मुलगी अकरावीला आहे, हिंदी माध्यमात. तिच्या पुस्तकातलं 'व्यापक पद' म्हणजे आपलं सामान्य पद, एवढं जुळवून घेत रोज संध्याकाळी तिच्यासोबत द्विपद प्रमेय (दोन पदांच्या कंसाचा घात उलगडायचं सूत्र) सोडवतेय.

साधी गणितं जमतात. (२क्ष − १/क्ष²) याच्या १२ व्या घातात क्ष नसलेलं पद शोधायचं होतं. सामान्य पदात, म्हणजे (र + १) व्या पदात, क्षचा घात १२ − ३र आला, तो शून्य धरला, र = ४ मिळालं. म्हणजे पाचवं पद, ४९५ × २५६ = १,२६,७२०. पहिल्याच फटक्यात बरोबर आलं, फार आनंद झाला तिला!

अडलंय ते तीन पदांच्या कंसाशी. (१ + क्ष + क्ष²) याच्या ५ व्या घातात क्षच्या चौथ्या घाताचा गुणांक हवाय. आम्ही क्ष + क्ष² हे एकच पद मानलं. त्याच्या दुसऱ्या घातातून १० × १ = १० आले, तिसऱ्यातून १० × ३ = ३०. बेरीज ४०. पुस्तकात ४५. तीनदा करून पाहिलं, दोघींनी वेगवेगळं बसूनसुद्धा.

उरलेले ५ कुठून येतात? आणि कोणकोणते घात तपासायचे, हे आधीच कसं ओळखायचं? नुसतं उत्तर नको, कृपया पायऱ्या लिहा. सोमवारी तिची चाचणी आहे, आणि न समजता पाठ करायला ती तयार नाही. मलाही तेच पटतं.