गरज मोजायची की चिठ्ठी काढायची? कौन्सिलची घरे आणि म्हाडाची सोडत

हौन्स्लोकर

परवा इथे 'सोडतवाला' यांनी लिहिले की, लंडनमध्ये कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या पालिकेचे कमी भाड्याचे घर हवे असेल तर नोकरी सोडावी, मुले वाढवावीत आणि भिंतीला बुरशी धरू द्यावी, म्हणजे नाव आपोआप वरच्या बँडमध्ये, गरजेनुसार लावलेल्या वरच्या गटात जाते. त्यापेक्षा म्हाडाची सोडत शंभर पटींनी न्याय्य, कारण संगणकाला कुणाची दया येत नाही. त्यावर बऱ्याच जणांनी 'अगदी खरे' म्हणून मान डोलावली. दोन दिवस मी गप्प बसलो. आता राहवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गेली नऊ वर्षे दर शनिवारी मी पश्चिम लंडनमधल्या एका सल्ला केंद्रात बसून आपल्या लोकांचे घराचे अर्ज भरून देतो. मागच्या महिन्यात आलेल्या कुटुंबात नवरा विमानतळाजवळच्या स्वयंपाकघरात रात्रपाळी करतो, बायको शाळेत दुपारच्या जेवणाच्या वेळी कामाला जाते. एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात चौघे राहतात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. कपाटामागची भिंत पुसली तरी चार दिवसांत पुन्हा काळी पडते. ही आई मुलाचा गणवेश कपाटात ठेवत नाही, दाराच्या खिळ्याला टांगते, कारण कपाटातला गणवेश घालून गेला की वर्गातली मुले त्याच्यापासून लांब बसतात. ही बुरशी त्यांनी नंबर लागावा म्हणून धरू दिली, असे कुणाला म्हणायचे असेल तर त्याने एक रात्र त्या खोलीत झोपून दाखवावे.

1996 च्या गृहनिर्माण कायद्यात कुणाला अग्रक्रम द्यायचा हे लिहिलेले आहे: बेघर, दाटीवाटीच्या किंवा आरोग्याला घातक घरात राहणारे, आजारपणामुळे किंवा अन्य कल्याणाच्या कारणाने घर बदलणे भाग असलेले, आणि विशिष्ट भागात गेल्याशिवाय ज्यांची परवड थांबणार नाही असे. बेकारी हा निकष त्यात नाही. 2011 च्या कायद्याने कौन्सिलांना स्वतःच्या अटी घालण्याची मोकळीक मिळाल्यापासून काही ठिकाणी उलट नोकरी करणाऱ्यांनाच जादा पसंती मिळते. आणि 'परके येऊन घरे पळवतात' म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला या यादीत नावसुद्धा घालता येत नाही.

सोडतीत या बाईची चिठ्ठी आणि तीन खोल्यांच्या कोरड्या घरात राहणाऱ्याची चिठ्ठी एकाच मापाची ठरते. त्याला न्याय म्हणणे मला पटत नाही.

सोडतवाला

माझे नाव घेतलेच आहे, तर उत्तर देतो. बुरशीचे वाक्य कठोर होते, हे मान्य. बाकी एक शब्दही मागे घेत नाही.

मी आठ वेळा म्हाडाचा अर्ज भरला. प्रत्येक वेळी अनामत रक्कम भरायची, नाव न लागता ती परत यायची, आणि पुन्हा पुढच्या जाहिरातीची वाट पाहायची. 2023 च्या मुंबईच्या सोडतीत 4,082 घरांसाठी लाखाच्या वर अर्ज होते. त्यात पहाडी गोरेगावला अत्यल्प उत्पन्न गटात माझे नाव निघाले. त्या दिवशी मला कुणी विचारले नाही की तू कोणाचा माणूस, कोणत्या नगरसेवकाचे पत्र आणलेस. माझे वडील एका सरकारी कार्यालयात पंचवीस वर्षे शिपाई होते आणि साहेबांच्या सहीसाठी लोक कसे ताटकळतात हे मी लहानपणापासून पाहिले आहे. 'गरज' हा शब्द आला की ती मोजणारा साहेब आला, आणि साहेब आला की त्याच्या टेबलापाशी रांग आली. त्या रांगेत बोलता येणारा, ओळख असलेला, कागद जमवता येणारा पुढे सरकतो.

तुमच्या त्या बाईचा अर्ज तुम्ही भरलात, हौन्स्लोकर. ज्याला तुम्ही भेटला नाहीत, त्याचा कोण भरतो?

वॉर्ड नंबर नऊ

मी लंडनमध्ये अकरा वर्षे परिचारिका आहे. नियमाने कर भरते, नागरिकत्व घेतले आहे, एकटी राहते आणि पगाराचा निम्म्याहून अधिक भाग घरभाड्यात जातो. माझे नाव यादीत सर्वांत खालच्या बँडमध्ये आहे. दर आठवड्याला मी रिकाम्या घरांसाठी बोली लावते (पैशांची नव्हे, हे घर मला हवे एवढी नोंद) आणि दर आठवड्याला संकेतस्थळ मला सांगते की या घरासाठी तुमचा क्रमांक चारशेच्या पुढे आहे.

दादा, त्या आईबद्दल मला वाईट वाटते, पण आम्हीही माणसेच आहोत. मूल नाही, दमा नाही, नवरा मारत नाही, म्हणून माझी गरज शून्य? माझ्यासाठी सोडतीत निदान हजारात एक तरी संधी असेल. तुमच्या पद्धतीत मला मरेपर्यंत संधी नाही, हे लेखी कळवले जाते. शिवाय माझ्या समोरचेच कौन्सिलचे घर तिथे राहणाऱ्या कुटुंबाने सवलतीत विकत घेतले, आता ते भाड्याने देतात, आणि भाडे मागतात ते बाजारभावाने. त्याबद्दल कुणी का बोलत नाही?

जुनी फाइल

मी एका कौन्सिलच्या घरवाटप विभागात चौदा वर्षे काम केले आहे, म्हणून कामकाज कसे चालते ते सांगतो.

बोली बंद झाली की त्या घरासाठी यादी तयार होते. आधी बँड आणि बँड सारखा असेल तर तारीख, असा क्रम लागतो. दोघांच्या कुटुंबाला तीन बेडरूमचे घर दाखवत नाहीत. व्हीलचेअरसाठी रुंद केलेली दारे असतील तर ते घर आधी अशाच अर्जदाराला जाते. वरच्या काही जणांना घर पाहायला बोलावतात, आणि पहिल्याने नाकारले तर दुसऱ्याला विचारतात. यात अधिकाऱ्याची मर्जी लोकांना वाटते त्यापेक्षा फार कमी असते, कारण प्रत्येक निर्णयाचा फेरविचार मागता येतो आणि प्रकरण न्यायालयातही जाते. हिलिंग्डन कौन्सिलने सलग दहा वर्षे वास्तव्याची अट घातली होती. 2019 मध्ये अपील न्यायालयाने ती भेदभावाची ठरवली.

तरीही सोडतवाला यांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागतो. आजारपणाचा बँड ठरवताना आमच्याकडे बाहेरचा डॉक्टर फक्त कागद वाचत असे, तो मुलाला कधी पाहत नसे. चांगले पत्र लिहिणाऱ्या डॉक्टरचा रुग्ण वर जाई आणि दोन ओळी खरडणाऱ्याचा खाली राही. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याबद्दल आजही मला शांत झोप लागत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. दाटीवाटी मोजण्याची दोन मापे आहेत. वाटपाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दहा वर्षांवरच्या मुलीला आठ वर्षांच्या भावाबरोबर एका खोलीत धरता येत नाही. 1985 च्या गृहनिर्माण कायद्याप्रमाणे मात्र बसायची खोलीही झोपायची धरतात, एक वर्षावरचे पण दहाच्या आतले मूल अर्धे मोजतात आणि वर्षाच्या आतले मोजतच नाहीत. एकच घर एका मापाने दाटीचे ठरते आणि दुसऱ्या मापाने ऐसपैस. 'गरज मोजतो' म्हणणाऱ्यांनी आधी माप कोणते ते सांगावे.

वॉर्ड नंबर नऊ, तुमच्या तक्रारीचे मूळ कौन्सिलच्या भाडेकरूला राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क देणाऱ्या 1980 च्या कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये त्याखाली जवळपास 20 लाख घरे विकली गेली आणि त्यांच्या जागी तेवढी बांधली गेली नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये लंडनच्या बहुतेक भागांत ही सवलत 16,000 पौंडांवर आणली, पण तोवर इंग्लंडभरच्या याद्यांत 13 लाखांहून अधिक कुटुंबे साठली होती.

गिरणगावकर

लंडनचे सगळे वाचले. आता इकडचे ऐका, कारण चिठ्ठीने काय होते हे आमच्याइतके कुणी भोगलेले नाही.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. गिरण्यांच्या जमिनीवर घरे मिळणार म्हणून अर्ज भरले, बिल्ला आणि पगाराच्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत जपल्या. जून 2012 च्या पहिल्या सोडतीत 6,925 घरे होती. नंतर 2016 मध्ये दोन आणि मार्च 2020 मध्ये एक, अशा चार सोडतींत मिळून 15,870 घरे निघाली. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. या चारही सोडतींत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा विधुर गिरणी कामगार आणि ठाण्यात स्वतःचा ब्लॉक असलेला, गिरणीचा भोंगाही न ऐकलेला वारस एकाच डब्यात होते.

वडील प्रत्येक सोडतीच्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. 2020 नंतर त्यांनी दाढी करणे सोडले, आणि पुढच्या वर्षी गेले. सोडतवाला, संगणकाला दया नसते हे तुम्ही गुण म्हणून लिहिले आहे. आमच्या घरात ते वाक्य मोठ्याने वाचून पाहा.

सोडतवाला

तुमच्या वडिलांबद्दल मनापासून वाईट वाटते. पण पावणेदोन लाख माणसांना सोळा हजार घरे असतील तर कोणतीही पद्धत दीड लाखांहून अधिक लोकांना नाहीच म्हणणार. दोष चिठ्ठीचा नाही, घरांच्या तुटवड्याचा आहे. गिरण्यांच्या जमिनी कुठे गेल्या ते विचारा.

गिरणगावकर

जमिनी कुठे गेल्या हे आम्हाला विचारायला सांगू नका, आम्ही त्यासाठी मोर्चे काढले आहेत आणि लाठ्या खाल्ल्या आहेत. घरे कमी आहेत म्हणूनच तर आधी कुणाला हा प्रश्न येतो! सगळ्यांना पुरली असती तर चिठ्ठी कशाला आणि बँड कशाला? पनवेलजवळ कोनची 2,417 घरे 2016 मध्ये सोडतीत निघाली. पुढे ती करोना केंद्रासाठी ताब्यात घेतली गेली आणि विजेते वर्षानुवर्षे चावीची वाट पाहत राहिले. त्या विजेत्यांत सत्तरी ओलांडलेले किती होते, हे कुणी पाहिले का?

संक्रमण शिबिर

गिरणगावकर, तुमचे दुःख खरे आहे, तरी तुम्ही मागताय ते आम्ही भोगले आहे. आमची गिरगावातली उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) इमारत पाडली आणि आम्हाला काही वर्षांसाठी म्हणून संक्रमण शिबिरात नेले. मी तिथे शाळेत गेलो, तिथेच माझे लग्न झाले आणि माझी मुलगीही आता तिथल्याच शाळेत जाते. आमच्यासाठी बृहतसूची होती, म्हणजे कायमचे घर द्यायच्या अशा विस्थापितांची यादी. तिथे चिठ्ठी नव्हती. जुनी इमारत, पाडल्याची तारीख, कागदपत्रे असे सगळे पाहून अधिकारी पात्रता ठरवणार होते, म्हणजे तुम्हाला हवी तीच पद्धत. आमच्या आधी कोण गेले? आमच्या इमारतीत कधीही न राहिलेली दोन नावे आमच्याच इमारतीच्या नावावर घर घेऊन गेली. डिसेंबर 2023 मध्ये बृहतसूचीतल्या 265 जणांसाठी पहिल्यांदा संगणकीय सोडत काढली, तेव्हा शिबिरात लोकांनी पेढे वाटले. त्यांना घर मिळाले म्हणून नव्हे, तर निदान डोळ्यांसमोर काहीतरी झाले म्हणून.

हौन्स्लोकर यांना लंडनमध्ये बसून आम्हाला न्याय शिकवणे सोपे आहे.

हौन्स्लोकर

शेवटचे वाक्य मागे घ्या. मी परळच्या चाळीत वाढलो आहे आणि सार्वजनिक नळावरची भांडणे मला कुणी सांगायला नकोत.

तरी तुमच्या बाकीच्या लिखाणाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही, हे कबूल करतो. इथे निर्णय चुकला तर फेरविचार मागता येतो, फाइल पाहता येते, फुकट वकील मिळण्याची थोडीतरी सोय आहे. हे सगळे नसताना नुसता बँड उचलून मुंबईत आणला तर तुमची बृहतसूचीच होईल. पण म्हणून सोडतीला निर्मळ म्हणू नका. म्हाडाच्या सोडतीतही क्रम आहेच. लोकप्रतिनिधींना 2 टक्के, म्हाडाच्या कर्मचाऱ्यांना 2 टक्के, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना 5 टक्के राखीव ठेवणारी पद्धत गरज मोजत नाही, पद मोजते. आमदाराला अग्रक्रम देता येतो, तर दम्याच्या मुलाला का देता येत नाही?

वॉर्ड नंबर नऊ

आमदारांचे 2 टक्के काढून टाकावेत, यावर तरी इथे सगळ्यांचे एकमत व्हावे.

सोडतवाला

ते झालेच. लोकप्रतिनिधींची टक्केवारी जावी, हे मी पहिल्यापासून म्हणतो.

गिरणगावकरांचा विचार रात्रभर डोक्यात होता. आमच्या सोडतीत नाव निघालेल्या एका मावशींना साठीच्या पुढे बँकेने कर्जच दिले नाही आणि त्यांना घर परत करावे लागले. चिठ्ठीने दिले ते वयाने काढून घेतले. म्हणून एवढेच मान्य करतो: हयात गिरणी कामगार पंच्याहत्तरीच्या पुढचा असेल तर त्याची सोडत वेगळी आणि आधी काढावी, वारसांची नंतर. पण क्रम लावायचा तो फक्त जन्मतारखेवर. डॉक्टरचे पत्र नको, अधिकाऱ्याची पाहणी नको, 'परिस्थिती हलाखीची' असा शेरा नको. तारीख खोटे बोलत नाही.

हौन्स्लोकर

जन्मतारखेने बुरशी मोजता येत नाही. तरी पहिली पायरी म्हणून मला हे चालेल.

गिरणगावकर

सोडतवाला, तुम्ही एवढे मान्य केलेत, त्याबद्दल आभार. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी केले असते तर बरे झाले असते. पण तारखेचेही एक सांगतो. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत तीन कागद आहेत. शाळेच्या दाखल्यावर त्यांचा जन्म 1946 चा आहे. गिरणीत लवकर चिकटावे म्हणून मुकादमाने 1943 लिहिले. रेशन कार्डावर 1949 आहे आणि आधार कार्ड त्यावरूनच काढलेले आहे. यांतली कोणती तारीख धरायची, ते ठरवायला पुन्हा कुणीतरी टेबलापलीकडे बसलेला लागणारच आहे.